बाविसाव्या दिवसाची फळी

“का उचलू? तुम्ही सांगता म्हणून?”

जगदेवने दोन्ही हात मागे बांधले.

खुराड्यात मधोमध कुंपणासारख्या उभ्या केलेल्या फळीपाशी दस्तगीरबाबा उकिडवे बसले होते. फळीच्या अलीकडे दोन बल्ब आणि त्यांच्याखाली बावीस दिवसांची एकशे दहा पिल्लं. पलीकडे तसंच तूस अंथरलेली जागा, पण बिनबल्बची, गार.

गावाबाहेरच्या तकियात, आपल्या मठीत, हा फकीर कोंबड्या पाळायचा. शिकायला येईल त्याला आधी पिल्लंच सांभाळायला द्यायचा. जगदेव चार वर्षांपूर्वी ईश्वर शोधायला आला होता. हाती खराटा आला.

“पंख फुटलेत,” बाबा म्हणाले. “आता पलीकडे जाऊ दे त्यांना.”

“मागच्या थंडीतही हेच म्हणालात. मी ऐकलं. सकाळी चाळीस पिल्लं एकमेकांवर चढून मेलेली. खड्डा मी खणला, बाबा. तुम्ही नाही.”

“खरंय,” बाबा म्हणाले. “ तेव्हा पंख आले नव्हते. घाई माझी झाली.”

गुरूने चूक कबूल केली की शिष्याची पंचाईत होते. भांडायला समोर कुणी उरत नाही. पण जगदेव हटला नाही.

“म्हणून यंदा ऐकणार नाही. आजवर एकही मेलेलं नाही. एकही! दर तासाला तापमान बघतो मी. काल ही सगळी इथे कडेला खेटून बसली, थंडी वाजत असणार म्हणून दुसरा बल्ब लावला.”

“तापमान कुठे बघतोस?”

जगदेवने दाराजवळच्या खांबाकडे बोट दाखवलं. तापमापक त्याच्या छातीच्या उंचीवर टांगला होता. वाकावं लागू नये म्हणून.

बाबांनी बल्बखालचं तूस थोपटलं.

“इथे आडवा हो.”

“कशासाठी?”

“हो तर.”

जगदेव चिडून आडवा झाला. गाल तुसावर, बल्ब डोक्यावर. मुद्दाम हलला नाही. थोड्याच वेळात कपाळावरून घाम ओघळला.

मग त्याला पिल्लं दिसली. वरून दिसायची तशी नाही, समोरून. सगळी फळीला चिकटलेली. पंख ढिले पडलेले, चोची उघड्या. धापा टाकत होती.

जगदेव उठला. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

“चुकलो. एक बल्ब काढतो. पण फळी नाही उचलणार.”

त्याने बल्ब काढला. पिल्लं फळीपासून हलली नाहीत. त्यातल्या एकाने कोवळे पंख फडफडवले, ते धडपडत फळीवर चढलं आणि तिथे डुगडुगत उभं राहिलं.

जगदेवने त्याला परत आत ठेवलं. ते परत चढलं.

पुन्हा ठेवलं. पुन्हा चढलं. तिसऱ्यांदा त्याने हात पुढे केला तेव्हा पिल्लाने बोटाला कडकडून चोच मारली आणि पलीकडे उडी टाकली.

“हट्टी आहे मेलं,” जगदेव बोट चोळत म्हणाला.

“हं.”

पिल्लू गार तुसावर दोन पावलं चाललं. अंग झटकलं. खाली मान घालून टिपायला लागलं.

जगदेव बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याला फार भीती वाटत होती. चाळीस पिल्लांचा तो खड्डा त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

“बाबा, एक जरी मेलं तर मी तुम्हाला गुरू म्हणणार नाही.”

“नको म्हणूस.”

“आणि हा बल्ब विझवणार नाही.”

“कोण म्हणतंय विझव? ज्याला लागेल ते येईल परत.”

जगदेवने फळी उचलली.

पिल्लं एकदम पलीकडे घुसली, हवी तशी पांगली. जगदेव फळी छातीशी धरून उभा.

“यातली मेली, तर कुणाची?”

“माझी.”

“आणि जगली ती? ती माझी ना?”

बाबांनी त्याच्या हातातली फळी काढून घेतली.

“जगली ती त्यांची त्यांची.”