मुसळ आणि निरगुडीचा फोक

एकदा एक राजा कायदे कडक करता करता थकून गेला. त्याच्या राजधानीत एक व्यापारी होता. "माझ्याकडे ठेवा, वर्षात दुप्पट करून देतो," असे गोड बोलून तो गोरगरिबांच्या ठेवी घेई आणि वर्ष भरत आले की पेढीला कुलूप लावून तीर्थयात्रेला निघून जाई. लोक रडून थकले की हा परत येऊन नवी पेढी थाटे. ठकाचे हात तोडावेत असा कायदा होता, तरी तो सुटला. राजा संतापला आणि त्याने सुळाची शिक्षा आणली. त्या वेळी तर व्यापाऱ्याने सुटल्याच्या आनंदात गावजेवण घातले. आणि गाव जेवायला गेले, हे सांगताना मला आजही चीड येते.

शेवटी राजाने नगराबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांना विनंती केली, "देशोदेशी ठकांना काय शिक्षा देतात ते पाहा आणि त्यांतली सर्वांत कठोर मला लिहून द्या." आचार्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांनी आपला शिष्य पाठवला. शिष्य विद्वान होता आणि आपण विद्वान आहोत हे त्याला फार चांगले ठाऊक होते.

वर्षाने तो परतला, तेव्हा आश्रमाच्या विहिरीवर एक म्हातारी कासारीण टोपली उतरवून बसली होती. डोक्यावर बांगड्या वाहून तिची मान आखडली होती. एक तट्टू घ्यावे म्हणून तिने आयुष्यभर पै पै साठवली होती आणि ती सगळी त्या व्यापाऱ्याच्या घशात गेली होती. बाजारला जाता-येता ती इथे टेकायची आणि एकच प्रश्न विचारायची, "माझ्या पैशांचं काही कळलं का?"

शिष्याला मात्र कधी एकदा सांगतो असे झाले होते. "गुरुजी, उत्तरेकडे ठकाच्या कपाळावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. डोंगरापलीकडच्या राज्यात त्याला कड्यावरून लोटतात आणि मागोमाग त्याच्या मुलांनाही! एका देशात तर सात जन्मांचा कारावास आहे."

"दुसऱ्या जन्मी त्याला ओळखतं कोण?" आचार्यांनी विचारले.

शिष्याने ते ऐकले नाही. "समुद्रकाठच्या एका चिमुकल्या राज्याचं मात्र हसू आलं. तिथे लबाडी उघड झाली की त्याच आठवड्यात पेढीला टाळं ठोकतात. घरदार विकून ज्याचे पैसे त्याला परत देतात. मग वर्षभर बाजाराच्या दिवशी त्या ठकानं आपल्याच बंद पेढीच्या पायरीवर बसायचं. बस्स! पोरांना देतात तसली शिक्षा."

"त्या कड्यावरून आजवर किती ठक लोटले?"

"ते नाही विचारलं. पण कडा पाहिला, फार उंच आहे. वर शेळ्या चरत होत्या."

"आणि समुद्रकाठी, पायरीवर कुणी होतं?"

"होते की तिघे-चौघे."

आचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शिष्याला वाटले, गुरुजींना ऊन लागले असावे.

"मी या सर्वांच्या पुढे गेलो आहे," तो म्हणाला. "आपल्या राज्यात ठकाला हत्तीच्या पायी द्यायचं. काल येता येता दरबारात नुसता विषय काढला, तर पहिली टाळी त्या व्यापाऱ्यानंच वाजवली. म्हणाला, 'ही कीड ठेचलीच पाहिजे. हत्तीच्या साखळदंडाचा खर्च माझ्याकडे.' गुरुजी, माणूस सुधारलेला दिसतो."

विहिरीवरून कासारीण म्हणाली, "बाळा, हत्ती तुडवील तेव्हा तुडवील. माझ्या तट्टाचं काय?"

"मावशी, तुम्हाला न्याय मिळेल."

"न्यायाच्या पाठीवर टोपली लादता येती का रे?"

शिष्याने तोंड फिरवले. आचार्य उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कांडणाचे मुसळ घेऊन आले. आश्रमात एक मांजर रोज दूध चोरून पीत असे. "यापुढे त्या मांजराला शिक्षा द्यायची ती या मुसळानंच," ते म्हणाले. "दुसरं काही हातात घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मांजर आले. शिष्याने मुसळ डोक्यावर उचलले, क्षणभर धरले आणि खाली ठेवले. मांजराने एकदा त्याच्याकडे पाहिले, डोळे मिटले आणि भांडे चाटून पुसून स्वच्छ केले. तिसऱ्या दिवशी तर ते दूध पिऊन त्या मुसळालाच टेकून झोपले.

"का रे, मारलं नाहीस?"

"घोटभर दुधासाठी मुसळ, गुरुजी? मरेल ते! काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान केलं तरी ते पाप फिटायचं नाही."

आचार्यांनी कुंपणातला निरगुडीचा एक फोक मोडला आणि मांजराला सपकन ओढला. मांजर किंचाळत पळाले. पुढच्या दिवशी ते दारापर्यंत आले, भांड्याशेजारी ठेवलेला फोक त्याला दिसला आणि ते आल्या वाटेने परत गेले.

"आता तरी डोक्यात प्रकाश पडला का?" आचार्य अक्षरशः वैतागले होते. "तू मुसळाचं वजन पाहत बसलास, मांजरानं तुझा हात पाहिला. सूळ म्हटल्यावर साक्षीदार घाबरले, माणूस मारल्याचं पाप आपल्या माथी नको म्हणाले. पंचांना त्याची कच्चीबच्ची आठवली. सुटला! आता तू हत्ती आणलास, म्हणजे उद्या कुणी तक्रारसुद्धा करणार नाही. अरे, साखळदंडाचे पैसे तो उगाच देतोय का? जी शिक्षा द्यायला हात उचलत नाही, ती चोराची ढाल होते. मांजराला कळलं, व्यापाऱ्याला कळलं. तुला तेवढं कळेना!"

त्या दिवशीही कासारीण बाजारला जाताना विहिरीवर टेकली होती. शिष्य उठून विहिरीकडे गेला आणि तिची टोपली त्याने स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावर चढवून दिली. ती इतकी जड असेल, असे त्याला वाटले नव्हते.

आठ दिवसांनी दरबारात त्याने समुद्रकाठच्या राज्याची रीत वाचून दाखवली. हत्तीचा उल्लेखही नव्हता. दरबारी एकमेकांकडे पाहून हसू लागले. पण टाळ्या वाजवायला उठलेला व्यापारी मध्येच थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो हात जोडून म्हणाला, "महाराज, हा अन्याय आहे! भर बाजारात, ओळखीपाळखीच्या माणसांसमोर पायरीवर? इतके निर्दय होऊ नका. त्यापेक्षा तो हत्तीच राहू द्या!"

राजाने त्याच्याकडे पाहिले आणि तिथल्या तिथे कायद्यावर मोहोर उमटवली. या खेपेला साक्ष द्यायला लोकांची रांग लागली.

पुढे एका बाजाराच्या दिवशी कासारीण त्या बंद पेढीवरून गेली. टोपल्या तट्टाच्या पाठीवर होत्या. "रामराम, शेठ," ती सहज म्हणाली. पायरीवरच्या माणसाने मान वर केली नाही.

कायदा आणखी कडक झाला अशी वार्ता कानी आली की आपण लगेच सुखावतो; त्याआधी पहिली टाळी कुणी वाजवली, एवढे विचारत जावे.