घोड्याला उत्तर

हरणगावच्या कुंभारांचं मातीचं तळं राजाला बुजवायचं होतं. कशाला? तर तिथे बुद्धिबळाचा महाल बांधायला. दुसरीकडे जागा काय कमी होती? पण राजाच्या मनात आलं की आलंच.

ठकूबाई कुंभारीण तडक दरबारात गेली. "महाराज, माती गेली तर आम्ही मडकी काय हवेची घडवायची?"

राजा मिशीत हसला. "बुद्धिबळात मला हरव, तळं तुमचं. हरलीस तर उद्याच बुजवतो."

ठकूबाईनं उभ्या जन्मात पट पाहिला नव्हता. आणि राजा पहिल्या खेळीला घोडा काढायचा, त्या घोड्यापुढे भलेभले सातव्या खेळीला गारद व्हायचे. वर त्याचेच दोन नियम. पटापाशी खाणंपिणं नाही, आणि डाव संपायच्या आत जो उठेल तो हरला. हरायला आलं की लोक पोटदुखीचं सोंग घेऊन पळायचे ना, म्हणून.

"उद्या सकाळी येते," ठकूबाई म्हणाली, "घरचं आवरून."

सकाळी पट मांडला. राजानं घोडा काढला. "हं, दे उत्तर."

ठकूबाईनं पदर खोचला, मांडी घातली आणि पटाकडे बघत बसली. बसली ती बसलीच. ऊन डोक्यावर आलं. मुदपाकखान्यातून मटणाच्या रश्श्याचा वास सुटला.

"अगं, खेळ की."

"विचार करतेय."

"एवढा कसला विचार?"

"मडकं घाईनं भट्टीतून काढलं की तडकतं, महाराज. ही तर माझी पहिलीच खेळी."

प्रधान खेकसला, "बाई, वेळ किती लावायचा याला काही नियम?"

"मीही तेच विचारते. आहे का नियम?"

प्रधानानं राजाकडे बघितलं, राजानं छताकडे. नियम नव्हता.

दिवेलागण झाली. राजाचं पोट असं गुरगुरलं की भालदारानं दचकून मागे बघितलं. शेवटी राजा ताडकन उठला. "हरलो! पान वाढा आधी!"

चार घास पोटात गेल्यावर त्यानं विचारलं, "माझा घोडा सातव्या खेळीला मात करतो. तू वाचलीस कशी?"

"सातवी यायला आधी पहिली करावी लागते. ती मी केलीच नाही."

राजा इतका हसला की रश्श्याचा ठसका लागला. तळं तर त्यानं दिलंच, वर वाड्यावरचे सगळे रांजण ठकूबाईकडूनच घ्यायचा हुकूम सोडला. मग म्हणाला, "बस, तूही जेव. सकाळपासून उपाशी आहेस."

"उपाशी कशानं? दोन्ही वेळचं जेवूनच निघाले होते घरून."