ओताऱ्याची तीन हत्यारे

एका राज्यात आग धरत नसे. चकमक झडे, ठिणगी पडे, पण कापूस पेटत नसे. सात वर्षे लोक भिजवलेले दाणे चावून जगत होते आणि दर हिवाळ्यात तान्ही मुले गारठून जात होती.

हा शाप मालू ओताऱ्याचा. त्याने राजा रणध्वजासाठी एक अपूर्व घंटा ओतली. तशी घंटा दुसऱ्या राजाला मिळू नये, म्हणून रणध्वजाने त्याचे दोन्ही अंगठे तोडले. दोन वर्षांनी मालू गेला. मरताना म्हणाला, "माझ्या तीन हत्यारांचे काम राजासमोर कोणी खरे सांगेल, तेव्हाच या राज्यात आग धरेल. खोटे सांगेल त्याचे तांबे होईल."

हत्यारे दरबारात आणून ठेवली. एक काळी साळुंकी त्यांच्यावर राखण बसली. भोवती तांब्याचे अकरा पुतळे उभे राहिले. अकरावा होता मालूचाच मुलगा, हरबा.

मग एके दिवशी मालूची मुलगी सारजा दरबारात आली.

साळुंकीने विचारले, "ही बारीक सळई कशाची?"

"साच्याला भोके पाडायची. वाफ कोंडली तर साचा फुटतो."

"ही कोरलेली फळी?"

"ओल्या मातीभोवती फिरवायची. त्याने घंटेला गोलाई येते."

"आणि ही पट्ट्याची वाकडी पळी?"

सारजाने भावाकडे पाहिले. हरबाला उत्तर ठाऊक होते. पण राजाच्या भयाने तो 'धातूचा रस ओतायची' म्हणाला होता आणि उभ्या जागी थिजला होता.

राजा पुढे झुकला. "बोल, बाई."

"महाराज, ही मीच ठोकून दिली. अंगठे गेल्यावर आबांना घास धरता येईना. ही मनगटाला बांधून ते जेवत."



"माझ्यामुळे," राजा म्हणाला.

"होय, महाराज. तुमच्यामुळे."

साळुंकी उडून गेली. विझलेल्या समया आपोआप पेटल्या. पुतळे श्वास घेऊ लागले. हरबा बहिणीच्या पायांशी बसला आणि मान वर करीना. तिने त्याला दंडाला धरून उठवले.

रणध्वजाने मुकुट पुतण्याच्या हाती दिला आणि तो अनवाणी वनात निघून गेला.

त्या दिवशी घरोघर चुली पेटल्या. सारजाने भात रांधला, आबांच्या नावाने एक घास बाजूला काढला, आणि सात वर्षांत प्रथमच ती रडली.