मेण वितळेपर्यंत

फार फार वर्षांपूर्वी, रोम शहराला संगमरवर ठाऊकही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा माणसं दोनच जातीची होती. ज्यांच्या पूर्वजांना चेहरे होते ते पात्रीशियन आणि ज्यांच्या पूर्वजांची नुसती हाडं होती ते प्लेबियन. खानदानी घरात मोठा माणूस गेला की त्याच्या चेहऱ्याचा मेणाचा मुखवटा करत. पुढे घरात मयत झालं की ते मुखवटे चढवून भाड्याची माणसं अंत्ययात्रेपुढे चालत. मुखवटा चढला की तो साक्षात पूर्वज. त्याच्यासमोर बसायचं नाही, त्याचा शब्द मोडायचा नाही.

रोमजवळच्या एका खेड्यात नोव्हियो नावाचा प्लेबियन राहायचा. त्याची चण हुबेहूब आर्दियन घराण्याच्या मूळपुरुषासारखी होती, असं म्हणतात. म्हणून त्यांच्या दर मयताला त्याला बोलावणं यायचं. दैवाची थट्टा, दुसरं काय!

याच आर्दियनांनी गावचा झरा कुंपणात घेतला होता. गाव दलदलीचं पाणी प्यायचं आणि पोरं तापाने जायची. नोव्हियोचा मुलगा गेला. मग धाकटी तुल्लाही अंथरुणाला खिळली. आणि नेमका ऐन उन्हाळ्यात म्हातारा आर्दियन मेला.

अंत्ययात्रा झऱ्याजवळ आली तसा मूळपुरुषाचा मुखवटा घातलेला नोव्हियो थांबला.

"कुंपण काढा," तो म्हणाला. "हे पाणी मी कधी एकट्यानं प्यायलो नव्हतो."

मेलेल्या म्हाताऱ्याच्या वारसाचा चेहरा पडला. पण चारचौघांत पूर्वजाला नाही कसं म्हणणार? फळ्या निघाल्या. असं म्हणतात, त्या दिवशी झरा कमरेइतका उसळला.

अंत्यविधी उरकला तरी नोव्हियोने मुखवटा उतरवला नाही. मुखवटा आहे तोवरच हुकूम आहे, हे तो जाणून होता. तो झऱ्याकाठी उभाच राहिला. तुल्लासाठी पाणी घेऊन गेलेली त्याची बायको मार्सा धावत परत आली.

"तुल्लाचा ताप उतरला. आता घरी चला."

"मी हललो की फळ्या ठोकतील."

"ठोकू देत! आपली पोर वाचली ना?"

"बाकीच्यांची अजून रांगेत आहेत गं."

वारसाने काहीच केलं नाही. पूर्वजासमोर बसता येत नव्हतं, म्हणून अंजिराच्या सावलीत उभा राहून तो उन्हाची वाट पाहत राहिला. दुपारी मेण ओघळू लागलं. नाक गेलं, हनुवटी गेली. नोव्हियोची कातडी पोळली, पण तो जागचा हलला नाही. असं म्हणतात, लोकांनी सूर्याला हात जोडले. पण सूर्यही पात्रीशियनच निघाला.

मेणाखालून नोव्हियोचा घामेजलेला चेहरा दिसला, तसा वारस निवांत खाली बसला.

"हा कोण?" त्याने विचारलं.

नोव्हियोला तिथेच मारलं आणि फळ्या पुन्हा ठोकल्या. पण सांडलेलं मेण प्यालेला झरा कुंपणात आटला आणि गावाच्या बाजूला फुटला, असं म्हणतात. आर्दियनांनी लगेच तिथे दगड बसवला आणि त्यावर कोरलं, 'उदार आर्दियनांनी गावाला पाणी दिलं.' बायका त्या दगडावर धुणं आपटतात.

म्हातारपणी तुल्लाने घालून दिलेली रीत गाव आजही पाळतं. ऐन उन्हाळ्यात झऱ्याकाठी मेणाचा गोळा ठेवतात. तो वितळेपर्यंत सगळे उभे राहतात, पाण्याला कुणी शिवत नाही. मग पहिलं भांडं आजारी पोराला. कुणी मोठ्या घरचा पाहुणा दमून बसायला गेलाच, तर गावातली सगळ्यात गरीब म्हातारी त्याला दटावते,

"ऊठ. नोव्हियो अजून उभा आहे."