हैबतीनं वाचलेलं मातीचं पुस्तक

एका गावात एक भोळा वाचक होता. नाव हैबती. गावात वाचणारा तो एकटाच, त्यामुळे तिथले सगळेच वाचक भोळे होते असं म्हटलं तरी खोटं ठरलं नसतं.

गावाला वाचनालय होतं आणि ते विसूकाका सांभाळत. मागे कुंभाराची भट्टी होती. तिचा धूर खिडकीतून आत यायचा, हैबती सोडला तर बाकी आत कुणी यायचं नाही. शेवटी तालुक्याहून निरोप आला. सोमवारी साहेब येतील, खरोखर वाचणारा कुणी भेटला तर बरं, नाहीतर कुलूप. उभा जन्म विसूकाकांनी पुस्तकांच्या त्या कपाटांपुढे काढला होता.

त्यांनी हैबतीच्या हातात एक जाड पुस्तक दिलं.

"हे वाच. साहेबांनी विचारलं तर कसं वाटलं ते सांगायचं. चार हजार वर्षांपूर्वीचं काव्य आहे, दोन नद्यांच्या देशातलं. तेव्हा मातीच्या पाट्यांवर लिहायचे."

"मग येवढी वर्षं टिकलं कसं, काका?"

"तिथल्या ग्रंथालयाला आग लागली. पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून टिकल्या."

हैबतीनं मान डोलावली. त्याच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट सहसा बाहेर येत नसे.

दुसऱ्या दिवशी तो सूप घेऊन हजर झाला. सुपात केर होता.

"काका, पुस्तकातलं शब्द सांडल्यात. मधीच नुसतं ठिपकं हायती. मी घर झाडलं, वाट झाडली. ह्यातलं तुमचं कुठलं ते निवडून घ्या."

"अरे, तिथे पाट्या तुटल्यात," काका म्हणाले. "तुटलेलं दिसलं की जरा थांबायचं आणि तसंच पुढे जायचं."

हैबतीला पटलं. घरी जाताना ओढ्यावर फळ्यांचा साकव होता. मधली फळी तुटलेली होती. हैबती जरा थांबला आणि तसाच पुढे गेला. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गळ्यापर्यंत भिजला होता, पण पुस्तक डोक्यावर धरलेलं होतं, कोरडं ठणठणीत.

काकांनी कपाळाला हात लावला. "तुटलेलं दिसलं की लांबून वळसा घालावा, बाबा."

"मग आधीच सांगायचं की," हैबती म्हणाला.

सोमवारी साहेब आले. मोटारसायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला होता, तो झोळीत होता. "हा आमचा वाचक," काका म्हणाले. साहेबांनी उजवा हात पुढे केला. हैबतीनं झोळीतला हात पाहिला. मग तो पायरी उतरला आणि वाचनालयाला, भट्टीला, वर शेजारच्या गोठ्यालाही वळसा घालून मागच्या दारानं आत येऊन बसला.

"हा वाचतो?" साहेबांनी विचारलं.

"वाचतो हो," काका म्हणाले.

"मग सांग, कसं वाटलं पुस्तक?"

"राजा लई दांडगा, सायेब. आधी मला आवडलाच न्हाई. मग त्याचा दोस्त मेला आन् त्यो लेकरावानी रडला. मीबी रडलो. मग त्यो न मरायचं औषध हुडकत फिरला. पाण्याच्या तळातनं झाड आणलं, काठावर ठिवलं आन् गेला आंघोळीला. सापानं खाल्लं की! येवढा राजा, पर वस्तू कुणाला तरी राखायला सांगावी, हे त्याला कुणी शिकवलंच न्हवतं. मी असतो तर बसलो असतो की काठावर."

साहेबांनी पुस्तक हातात घेऊन चाळलं. मग हसले.

"चार हजार वर्षांपूर्वीचा राजा, पण ओळखीचा वाटला बुवा. मलाही हे वाचायचंय. वाचनालय चालू राहील, काका. मी वरच्या वाडीला जाऊन येतो आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन जातो. तेवढं मला मिळालं पाहिजे."

काकांचे डोळे भरून आले. ते साहेबांना वाडीची वाट दाखवायला निघाले. जाता जाता म्हणाले, "हैबती, पुस्तक राख. त्याला काही होता कामा नये. टिकलं पाहिजे."

"बिनघोर जावा," हैबती म्हणाला. "कसं टिकतं ते ठावं हाय मला."

संध्याकाळी दोघं परतले. हैबती पायरीवर बसला होता. तोंड काजळीनं माखलेलं, पण खुशीत.

"पुस्तक कुठाय?" काकांनी विचारलं.

"भट्टीत. कुंभारदादा न्हाई म्हनत व्हते, पर त्यांची पाठ वळली आन् मी सरकवलं आत. आता चार हजार वर्षं बघाया नगं. सकाळपातुर निवंल, मग सायेबांनी घिऊन जावं."

काका काहीतरी बोलायला गेले आणि मध्येच थांबले. साहेबांचंही तोंड उघडं ते उघडंच. इथे बोलणं मध्येच तुटलंय, पुस्तकातल्या ठिपक्यांसारखं, हे हैबतीनं ओळखलं. तो शहाण्यासारखा जरा थांबला आणि तसाच पुढे गेला.

"भट्टीत जागा व्हती, काका. म्हनून कपाटातली बाकीचीबी घातली."