डोक्यावरचा हात

“…मग शिक्षक पारखायचा तरी कशावरून, गुरुजी?”

सौमित्रच्या हातात दोन अर्ज होते. पाठशाळेत जागा एकच.

पाठशाळेतले सर्वांत जुने शिक्षक आठल्येगुरुजी पानाला चुना लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

खाडीकाठची ही वेदपाठशाळा सौमित्रच्या आजोबांनी काढलेली. सौमित्र मात्र आठव्या वर्षीच काकांकडे एडिंबराला गेला, तिथे शिक्षणशास्त्र शिकला आणि दोन महिन्यांपूर्वी कारभार हाती घ्यायला परतला. इथली मुलं जगात कुठे कमी पडू नयेत, ही त्याची तळमळ खरी होती. त्यासाठी त्याने कोष्टक बनवलं होतं. पदवीला गुण, पठणाला गुण. आणि ज्या शिक्षकाची मुलं वर्षात सर्वांत जास्त अध्याय संपवतील, त्याला मोठं बक्षीस.

“विश्वंभरशास्त्री घनपाठी आहेत, पठणातली सर्वांत वरची पायरी,” तो म्हणाला. “आवाज असा, की ऐकत राहावं. पंचाण्णव गुण.”

“आणि तो दुसरा?”

“पित्रे. पदवी नाही. एका देवळात शिकवायचे, तो वर्ग देवस्थानाने बंद केला. चार महिने घरीच आहेत. त्यांची मुलं नेहमी मागे असायची म्हणे. एकोणचाळीस.”

“म्हणजे परीक्षा घेऊन झाली.”

“झाली.”

“आता त्यांना तुझी घेऊ दे.”

“माझी?”

“संथा घे दोघांकडे. एकच ऋचा. त्यांनी एकदा म्हणायची, तू दोनदा.”

सौमित्र हसला. ध्वनिफिती ऐकून ऐकून त्याला अख्खं सूक्त पाठ होतं.

आधी विश्वंभरशास्त्री आले. त्यांनी ऋचा म्हटली आणि पडवी भरून गेली. सौमित्रने ती दोनदा म्हटली.

“वा, मालक!” शास्त्रीबुवांनी हात जोडले. “आपल्या तर घराण्यातच आहे हो हे!”

ते गेले. मग पित्रे आले. अंग चोरून, सतरंजीच्या कडेला बसले. आवाज जरा घोगरा. त्यांनी तीच ऋचा म्हटली, सौमित्रने म्हटली.

“थांबा. तिथे स्वर खाली जातो. पुन्हा.”

सौमित्रने पुन्हा म्हटली.

“अंहं. पुन्हा.”

सौमित्रचे कान तापले. गुरुजी पान चघळत होते.

चौथ्या खेपेला पित्रे सगळंच विसरले. समोर कोण बसलंय, आपण कशाला आलोय… त्यांचा हात उठला आणि सरळ सौमित्रच्या डोक्यावर पडला. संथा देताना गुरू शिष्याचं डोकं असंच धरतो. स्वर खाली तर डोकं खाली, स्वर वर तर डोकं वर. सौमित्रने हे फक्त वाचलं होतं.

मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली…

सातव्यांदा स्वर आपसूक उतरला, पायरी सापडावी तसा.

“हाच! अरे, हाच!” पित्रे केवढ्यांदा तरी ओरडले. सगळा चेहरा उजळला.

आणि मग त्यांना आपला हात दिसला.

“साहेब…” त्यांनी चटका बसल्यासारखा तो मागे घेतला. “सवयीने गेला हो. चूक झाली.” पिशवी उचलून ते उठलेच. “येतो मी.”

सौमित्रच्या डोक्यावर अजून ती ऊब होती.

“गुरुजी, शास्त्रीबुवांना माझी चूक कळलीच नाही?”

“घनपाठी माणूस. कळली नसेल होय?”



पित्रे पायरीशी पोचले होते. सौमित्र धावत गेला आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“सोमवारपासून या, पित्रेगुरुजी. पहिल्या वर्गात मीही बसेन.”



सौमित्र मागे वळला. “पण मग बक्षीस, गुरुजी? ते कशाचं द्यायचं?”

“तो ‘हाच’ म्हणाला, तेव्हा त्याचं तोंड बघितलंस?”

“बघितलं.”

“बक्षीस मिळालं त्याला,” आठल्येगुरुजी म्हणाले. “तू पगार पोटभर दे.”