शेपूट जोडावी

जनावरं एकमेकांवर दावे ठोकायची, त्या काळची गोष्ट. एका बोक्याने गोठ्यातल्या सगळ्या पालींच्या शेपट्या तोडल्या. पंचांनी निकाल दिला, की भरपाई म्हणून कंदिलाखालचे किडे पालींना मिळावेत. अर्जाचा मसुदा बगळ्याने केला. त्यात लिहिलं होतं, ‘तुटलेली शेपूट सोबत जोडावी.’

भागू नावाच्या म्हाताऱ्या पालीने डिंक शोधला, शेपूट जागच्या जागी चिकटवली आणि ऐटीत अर्ज दिला.

बगळा म्हणाला, “आजी, शेपूट तर आहे! मग नुकसान कसलं?”

“मेल्या, जोडावी असं तूच लिहिलंस ना?”

“अर्जाला जोडावी, आजी!”

भागूने असा तमाशा केला, की बगळ्याला मसुदा बदलावा लागला. त्याने तो वळणदार अक्षरात, सावकाश बदलला: ‘ज्याला शेपूट नाही, त्याने नुसती पाठ दाखवावी.’ ते वाचताना भागूच्या मनात पाल चुकचुकली, पण आपल्यातलीच कुणी असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

तोवर सगळ्या पालींना नव्या शेपट्या फुटल्या होत्या. रांगेत उभा होता एकटा बेडूक.

“तुझा काय संबंध रे?” भागू ओरडली.

“लहानपणी मलाही शेपूट होती, आजी,” असं म्हणून बेडकाने पाठ वळवली.

बगळ्याने मसुदा पुन्हा वाचला आणि कंदील बेडकाकडे सरकवला.